दुधातले दशांश कोण पितं?

आमच्या गावच्या संकलन केंद्रावर काटा ७.३८ लिटर दाखवतो, पावतीवर येतं ७.३. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सॉफ्टवेअरच तसं आहे." अहो, सॉफ्टवेअर काय आभाळातून पडतं? मी याच धंद्यात आहे. डेटाबेसमध्ये रकाना करताना किती दशांश ठेवायचे, उरलेले छाटायचे की जवळच्या आकड्याला न्यायचे, हे माणूसच ठरवतो. मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'डेसिमल' लिहिलं तर एकही दशांश राहत नाही, 'डेसिमल (१०,२)' लिहिलं की दोन राहतात. एवढंच काम आहे. पूर्ण साठवून पावतीवर कमी छापलं तर एकवेळ चालेल, पण इथे बिलच छाटलेल्या आकड्यावर निघतं.

दर मापाला सरासरी ४५ मिली गेले. दोन वेळचे ९०. २०० उत्पादक धरा, रोज १८ लिटर दूध हिशेबातून गायब! व्हँकुव्हर शेअर बाजाराचा १९८२ चा निर्देशांक असाच छाटत छाटत १००० वरून १९८३ च्या नोव्हेंबरात ५२४ वर आला होता. खरा होता १०९८. त्यांनी तो दुरुस्त केला.

आपल्याकडे फॅटच्या पॉइंटवरून रस्ता अडवतात, यावर मात्र सगळे गप्प. यंदा वार्षिक सभेत एवढंच मागा : काट्यावर दिसतं तेच बिलात धरा.