खेकडे, उंदीर आणि वारा

निवृत्तीनंतर वर्तमानपत्रांतील कात्रणे वहीत चिकटवण्याचा नाद मला लागला. राज्यकर्त्यांच्या विनोदाचे त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. दर आठवड्याला त्यात भर पडतेच. परंतु जुनी पाने चाळताना ध्यानात येते, की या विनोदांतील आरोपी ठरलेले आहेत.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतील वीसेक माणसे वाहून गेली. धरण गळत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी मात्र गळतीचा दोष खेकड्यांच्या माथी मारला. खेकड्याच्या अंगी एवढे सामर्थ्य असते, हे पिढ्यान्‌पिढ्या खेकडे खाणाऱ्या कोकणालाही तोवर ठाऊक नव्हते!

बिहारमध्ये २०१७ साली बंधारे उंदरांनी पोखरल्यामुळे पूर आला, असे तेथील मंत्र्यांनी सांगितले. जप्त केलेली दारूही उंदीरच प्याले, असे पोलिसांनी सांगितले. आपल्याकडील उंदीर बिचारे बळी ठरले. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी, तेही सत्ताधारी बाकांवरून, विधानसभेत हिशेब मांडला, की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याची नोंद आहे. मी भागाकार केला. मिनिटाला सुमारे ३२ उंदीर, तेही अहोरात्र! पुढे खुलासा झाला, की हा आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा होता. मारलेले किती, हे गोळ्यांवरून कळायला मार्ग नाही.

मग आला वारा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला ३५ फुटी शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. ताशी ४५ किलोमीटर वेगाने वारा वाहत होता, असे तत्कालीन मुख्यमंत्री म्हणाले. समोरच समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. महाराजांनी १६६४ साली बांधावयास घेतलेला हा किल्ला साडेतीन शतके तोच वारा खातो आहे.

भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक हे उत्पादनाचे चार घटक मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवत आलो. सरकारी बांधकामात पाचवा घटक लागतो, हे मात्र राहूनच गेले. काम कोसळल्यावर दोष अंगावर घेणारा आणि चौकशी समितीपुढे तोंड न उघडणारा कोणीतरी हवा. त्याला निविदा भरावी लागत नाही आणि त्याचे बिलही निघत नाही. बिल ज्याचे निघते त्याचे नाव मंत्र्यांच्या तोंडी सहसा येत नाही.

येथे आपल्याही पदरी थोडा दोष घेतला पाहिजे. तिवरेनंतर ठाण्यात विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन त्यांच्या अटकेची मागणी केली. छायाचित्रे छापून आली, महाराष्ट्र पोटभर हसला, मीही हसलो. भेंदवाडीची माणसे त्या हसण्यात कोठे गेली, हे कोणी विचारले नाही. मंत्र्याला याहून अधिक काय हवे होते?

यंदाच्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील साथींनी एक काम करावे. आपल्या भागातील एक पाझर तलाव, एक बंधारा किंवा एक पूल निवडावा आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्याची निविदा, मोजमाप पुस्तिका आणि कामपूर्तीचा दाखला मागावा. दाखल्यावर सही कोणाची आहे, ते पाहावे आणि ते नाव ग्रामसभेत मोठ्याने वाचावे.