काळ्या पडद्याची भीती कशाला? मुलांना बारा आज्ञा शिकवूया



आठवीतल्या कुठल्याही मुलाच्या हातात मोबाइल द्या. दोन मिनिटांत तो फोटो काढेल, त्यावर गाणं चढवेल आणि स्टेटसला टाकूनही मोकळा होईल. आता त्यालाच विचारा, "बाळा, हा फोटो मोबाइलमध्ये नेमका कुठं ठेवला गेला?" उत्तर येतं, "गॅलरीत." पण गॅलरी ही नुसती बघायची खिडकी. वस्तू ठेवायचं कपाट वेगळं असतं, त्यात कप्पे असतात, कप्प्यांना नावं असतात. हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला बोट लावता येतं, पण यंत्राला काही सांगता येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. संगणकाच्या तासाला चित्र रंगवण्याआधी आणि सादरीकरणाच्या पाट्या सजवण्याआधी मुलांना टर्मिनल उघडून द्यावं. टर्मिनल म्हणजे तो काळा पडदा, ज्यावर आपण आज्ञा टंकतो आणि संगणक अक्षरांतच उत्तर देतो. पाचवी-सहावीच्या मुलाला बारा आज्ञा पुरेत. त्या आल्या की मूल यंत्राचं गिऱ्हाईक राहत नाही, मालक होतं.

आज्ञा ही सोलापूरला नवी नाही

हे काहीतरी परदेशी खूळ आहे असं वाटत असेल, तर आपल्या पूर्व भागातल्या जुन्या मागांची आठवण करा. आपली सोलापुरी चादर ज्या जकार्डवर विणली जाते, त्याला नक्षी कोण सांगतं? पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ. पत्त्यावर भोक असलं तर तो धागा वर उचलायचा, नसलं तर खाली ठेवायचा. एक पत्ता म्हणजे एका आडव्या धाग्यासाठीची एक आज्ञा. हजारो आज्ञा ओळीनं लागल्या की मोर उमटतो. एक भोक चुकलं की मोराची मान मोडते, कारण माग आपल्या मनातलं ओळखत नाही. पत्त्यावर जे आहे तेच करतो.

फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र बनवलं. पुढं इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी असेच पत्ते वापरायचं ठरवलं, आणि १८४३ साली एडा लव्हलेसनं त्या यंत्रावर लिहिलेल्या टिपांत त्याची तुलना जकार्डच्या मागाशी केली. म्हणजे संगणकाला आज्ञा देण्याच्या कल्पनेचं एक मूळ विणकामात आहे. ज्या मुलाचे आजोबा मागावर होते, त्याला हा धडा समजावायला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही.

त्या बारा आज्ञा कोणत्या?

इथं मी आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टंकताना इंग्रजीची लहान अक्षरं वापरायची आणि आज्ञा संपली की एंटर दाबायचं. यातल्या बहुतेक आज्ञा युनिक्स या कार्यप्रणालीच्या काळातल्या आहेत. युनिक्सचं काम अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स आणलं, आणि त्यातही याच आज्ञा चालतात. पन्नास वर्षांत मेनू किती वेळा बदलले ते आठवा. या आज्ञा मात्र आजही तशाच आहेत. एकदा शिकलेलं वाया जात नाही, ते असं.

पहिला आठवडा, चार आज्ञा : मी कुठं आहे? "पीडब्ल्यूडी" टंकलं की आपण कुठल्या कप्प्यात उभे आहोत ते संगणक सांगतो. (मुलं हसतील, कारण त्यांना पीडब्ल्यूडी म्हणजे रस्त्याचं खातं ठाऊक असतं. हसू द्या, आज्ञा पक्की लक्षात राहते.) "एलएस" त्या कप्प्यातल्या वस्तूंची यादी देते. "एमकेडीआयआर" आणि पुढे नाव दिलं की नवा कप्पा तयार होतो. "सीडी" आणि कप्प्याचं नाव दिलं की आपण त्यात शिरतो. "सीडी" नंतर जागा सोडून दोन टिंबं दिली की एक पायरी वर येतो. शाळा, त्यात वर्ग, त्यात बाक, असा नकाशा आधी फळ्यावर काढा आणि मग मुलांना तोच टर्मिनलवर बांधायला सांगा.

दुसरा आठवडा, पुढच्या चार : लिहिणं, वाचणं, मोजणं, शोधणं. "एको" आपण दिलेला मजकूर परत म्हणून दाखवते. "कॅट" फाइल उघडून वाचून दाखवते. "डब्ल्यूसी" ओळी, शब्द आणि बाइट मोजते. "ग्रेप" फाइलमधला हवा तो शब्द शोधून तेवढ्याच ओळी पुढ्यात ठेवते. वर्गाच्या हजेरीची एक साधी फाइल करा, रोज एका मुलाची एक ओळ : तारीख, नाव, हजर किंवा गैरहजर. "ग्रेप गैरहजर" आणि पुढे फाइलचं नाव दिलं की महिन्याची सगळी गैरहजेरी एका क्षणात समोर. मराठी शब्द चालतात बरं का, फाइलचं नावही मराठीत चालतं.

आता या दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ द्या. तिला पाइप म्हणतात. पहिलीचं उत्तर नळातून वाहावं तसं दुसरीकडे जातं. ग्रेपचं उत्तर पाइपमधून डब्ल्यूसीला दिलं आणि तिच्यापुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि एल लिहिलं, की गैरहजर नोंदी किती तो आकडा येतो. छोट्या छोट्या आज्ञा जोडून मोठं काम करायचं, हा विचार मुलाला गणितातही उपयोगी पडतो आणि आयुष्यातही.

तिसरा आठवडा, शेवटच्या चार : "सीपी" नक्कल करते. "एमव्ही" वस्तू हलवते किंवा तिचं नाव बदलते. "मॅन" आणि पुढे आज्ञेचं नाव दिलं की त्या आज्ञेची माहितीपुस्तिका उघडते. बाहेर पडायला क्यू दाबायचं. आणि "आरएम" पुसून टाकते. ही सगळ्यांत शेवटी शिकवा आणि जपून शिकवा. तिनं पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, गेलं ते गेलं. सुरुवातीला तिच्यापुढे उणे चिन्ह आणि आय लावायची सवय घाला, म्हणजे पुसण्याआधी संगणक विचारतो.

सोबत तीन युक्त्या द्या. नाव अर्धं टंकून टॅब दाबलं की उरलेलं संगणक भरतो. वरचा बाण दाबला की मागची आज्ञा परत येते. एखादी आज्ञा थांबतच नसेल, तर कंट्रोल आणि सी.

मराठीच्या तासालाही टर्मिनल

हा प्रयोग जरूर करून बघा. मुलांना आधी तोंडी विचारा, "सोलापूर या शब्दात अक्षरं किती?" उत्तर येईल चार : सो, ला, पू, र. आता टर्मिनलवर एको सोलापूर असं लिहून, पाइप देऊन, डब्ल्यूसी चालवा. उत्तर येतं : एक ओळ, एक शब्द, २२ बाइट. मुलं गोंधळतात, आणि खरा तास तिथं सुरू होतो.

संगणक "सो" हे एक अक्षर मानत नाही. तो स वेगळा ठेवतो आणि ओ ची मात्रा वेगळी. स, ओकार, ल, आकार, प, दीर्घ ऊकार, र, अशा सात खुणा झाल्या. देवनागरीची प्रत्येक खूण साठवायला आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन बाइट लागतात. सात त्रिक एकवीस, आणि ओळ संपल्याची एक खूण मिळून बावीस. व्यंजन आणि स्वरचिन्ह यांतला फरक आपण व्याकरणात वर्षानुवर्षं शिकवतो. इथं संगणक स्वतः त्याची साक्ष देतो. हे रंगीत बटणांच्या जगात दिसत नाही.

"पण सर, हे परीक्षेला येतं का?"

हा प्रश्न पालक विचारणारच, आणि तो चुकीचा नाही. परीक्षेला कदाचित नसेल. पण पाढे पाठ का करून घेतो आपण? कॅल्क्युलेटर तर खिशात आहे. पाढे येणाऱ्याला बिल चुकलेलं कळतं, म्हणून.

दुसरी शंका इंग्रजीची. मला तर उलट वाटतं. "एलएस" हे कुणाच्याच घरचं इंग्रजी नाही. आपल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी मुलं शेजारी-शेजारी बसतात. या आज्ञा सगळ्यांना सारख्याच अनोळखी आणि सारख्याच सोप्या. इंग्रजी माध्यमाचं मूल इथं फार पुढं नसतं.

तिसरी शंका आजची : "आता एआयला मराठीत सांगितलं की झालं, आज्ञा कशाला?" पालकहो, इथं जरा थांबून विचार करा. ही साधनं संगणकाच्या अडचणीवर उपाय म्हणून पुष्कळदा आज्ञाच लिहून देतात, आणि आपण ती चिकटवतो. तिच्यात आरएम आहे की नाही, हे ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करायचं? फसवणूक करणारेही आता हेच करतात. "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा" असं सांगणारं पान येतं, मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, चिकटवा, एंटर मारा. चिकटवलेली ती ओळ म्हणजे आपल्याच संगणकाला दिलेली घातक आज्ञा असते. जे मूल आज्ञा म्हणजे काय हे ओळखतं, ते आई-वडिलांचा हात धरून म्हणेल, "थांबा, हे आधी वाचूया." आधीच्या बारा आज्ञांचं मोल एवढ्यानंच वसूल झालं.

जुने संगणक भंगारात घालू नका

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अनेक शाळांतले संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. कापडानं झाकलेल्या त्या यंत्रांकडे बघून "आता काढून टाकू" असं म्हणणं सोपं आहे. पण लिनक्स मिंटसारखी मोफत कार्यप्रणाली दोन जीबी मेमरीवरही सुरू होते, चार असेल तर बरंच बरं. पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवूनही बघता येते, आतलं काही न पुसता. कायमची टाकायची असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि जुन्या फाइलींची नक्कल काढून ठेवा. आणि टर्मिनलला इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या गावातही तास होतो.

हा मार्ग आडवळणाचा नाही. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतो. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी त्या यादीत आला तोही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे छोटे धडे मराठीतही मोफत ठेवले आहेत. शिक्षकाला आधी स्वतः शिकायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

आणि प्रयोगशाळेत विंडोजच असेल तर? तरी अडत नाही. त्यातलं पॉवरशेल उघडा. वरच्या बारापैकी डब्ल्यूसी आणि ग्रेप सोडून बाकी दहा नावं तिथंही चालतात. उत्तराची मांडणी थोडी वेगळी दिसेल, एवढंच.

सुरुवात सोमवारी

आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार माढा तालुक्यात आला. त्या कोडनं धडा मुलापर्यंत पोचवला. पुढची पायरी मुलानं यंत्रापर्यंत पोचायची आहे, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हातानं.

त्यासाठी मोठी योजना नको. एका संगणकावर दोन मुलं बसवा. एकानं आज्ञा मोठ्यानं सांगायची, दुसऱ्यानं टंकायची, मग अदलाबदल. चूक झाली की संगणक जे उत्तर देतो ते पुसू नका, वहीत उतरवून घ्या आणि त्याचा अर्थ वर्गात सगळ्यांनी मिळून लावा. "अशी फाइल नाही" हे वाक्य म्हणजे रागावणं नव्हे, माहिती आहे. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा आपण भलत्याच कप्प्यात उभे असतो. मग परत पीडब्ल्यूडी, परत एलएस. चुकीचं उत्तर शांतपणे वाचायला शिकलेलं मूल फळ्यासमोरही घाबरत नाही, हा त्यातला खरा लाभ.

पालकांनी एवढंच करावं : संध्याकाळी मुलाला विचारा, "आज संगणकाला काय सांगितलंस?" "आज काय बघितलंस?" असं विचारू नका. प्रश्न बदलला की उत्तरही बदलतं. करून बघा, आणि तुमच्या वर्गात काय घडलं ते आम्हाला जरूर कळवा.