मुक्त विद्यापीठाची पदवी: बुलडाणा जिल्ह्यातील विद्यार्थी व पालकांसाठी पत्रक

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्याने नाशिक येथे स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. बुलडाणा जिल्हा त्याच्या अमरावती विभागीय केंद्रात येतो आणि अभ्यासकेंद्रे बहुधा नेहमीच्या महाविद्यालयांतच चालतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची ठरते. आयोगाने २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनेत हे पुन्हा स्पष्ट केले. तलाठी भरतीला किंवा लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला बसताना पदवी मागतात, वर्गातली हजेरी मागत नाहीत. तरीही 'बाहेरून केलेली' म्हणून या पदवीला नाक मुरडले जाते. हा अन्याय आहे, आणि त्याचा फटका ज्यांना दुसरा मार्गच नाही त्यांनाच बसतो.

संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याची गावे घ्या. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच मिळतो. पदवीच्या वर्गाला लागले की प्रवासाचा खर्च घरावर येतो. तालुक्याला किंवा बुलडाण्याला खोली घेतली तर भाडे आणि मेस वेगळे. शिवाय शेतातली मजुरी बुडते, ती कोणत्याही शुल्काच्या पावतीवर दिसत नाही. नियमित शिक्षण महाग पडते ते मुख्यतः इथे. लग्न होऊन लोणारला आलेली मुलगी, खामगावच्या एमआयडीसीत पाळी करणारा तरुण, अंगणवाडी सेविका यांच्यापुढे मुक्त विद्यापीठ की नियमित कॉलेज असा प्रश्न नसतोच; पदवी की काहीच नाही, असा असतो. त्यांच्या पदवीला हिणवणाऱ्याने नियमित कला शाखेच्या वर्गात खरी हजेरी किती असते, तेही एकदा पाहावे.

पण स्वस्त म्हणून काहीही घेऊ नये. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर टाच आणली. वर्षे गेली, पैसे गेले, आणि हाती आलेला कागद संशयास्पद ठरला. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, शेती, विधी यांचे पदवी अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालत नाहीत. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान हेही बंद झाले आहेत. यांपैकी कशाची 'घरबसल्या पदवी' कोणी विकत असेल, तर ती फसवणूक समजावी.

फसवणुकीचे दुकान बहुतेकदा एजंटाचे असते. 'एका वर्षात बी.ए.', 'पास होण्याची हमी' अशा फलकांवर विश्वास ठेवू नये. पदवीला नियमाने ठरलेला काळ द्यावाच लागतो. विद्यापीठाला अभ्यासकेंद्र फ्रँचायझीवर देता येत नाही. २०२४ पासून दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी डेब आयडी (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळखक्रमांक) लागतो. तो विद्यार्थ्याने याच आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः काढावा आणि त्याच ठिकाणी विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची त्या वर्षाची मान्यता आहे का, हेही पाहावे. खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन एमबीएचे शुल्क लाखाच्या घरात जाते. ऑनलाइन म्हणजे स्वस्त, ही समजूत तिथे टिकत नाही.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा खरा कस मात्र अभ्यासात आहे. स्वयंअध्ययनाची पुस्तके न उघडता, संपर्क सत्राला न जाता, शेवटच्या आठवड्यात गाइड वाचून मिळवलेले प्रमाणपत्र अर्ज भरायला उपयोगी पडते, पण स्पर्धा परीक्षेच्या पहिल्याच पेपरात उघडे पडते. यात दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. प्रवेशाच्या वेळी गजबजलेल्या केंद्राने वर्षभर शिकवायलाही हवे.

म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक अभ्यासकेंद्राकडे या मागण्या आहेत: संपर्क सत्रांचे वेळापत्रक प्रवेशाबरोबरच हाती द्यावे. सत्रे सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत ठेवू नयेत, कारण त्या दिवसांत इथला विद्यार्थी शेतातच असतो. पुस्तके सत्राच्या आरंभी मिळावीत. शुल्काचा तपशील फलकावर लावावा आणि प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. परीक्षा केंद्र शक्यतो त्याच तालुक्यात असावे. वेळापत्रक किंवा पावती न मिळाल्यास विद्यार्थ्यांनी अमरावती विभागीय केंद्राकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच जपून ठेवावी.