गाईड आणि बोडी

गेल्या परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरात सामायिक साधनसंपत्तीवर प्रश्न होता. गाईडमधले पाच मुद्दे मी जसेच्या तसे उतरवले. एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ चे नोबेल, कुरणाचे उदाहरण. गुण बरे मिळाले. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजोबा बोडीच्या पाळीवर बसले होते. पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचे, पाळ फुटली तर घरागणिक माणूस कसा यायचा, हे सांगत होते. ऐकता ऐकता मी चपापलो. मी ज्यावर उत्तर लिहिले होते, ते हेच की! पण पेपर लिहिताना कुरण आठवले. आमची बोडी आठवलीच नाही.

दोष कोणाचा? गाईडच्या माथी सारे खापर फोडणे सोपे आहे. मराठीत ग्रंथच नाहीत, असेही नाही. इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र मराठीत आणले. स. मा. गर्गे यांनी भारतीय समाजविज्ञान कोश सिद्ध केला. विद्यापीठीय ग्रंथांसाठी नागपुरास महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होते. मग आपण वाचत का नाही? आळस आहेच, तो मी नाकारत नाही. पण मध्यंतरी एक जुने भाषांतरित पुस्तक हौसेने घरी नेले आणि दोन पानांत दमलो. लिपी देवनागरी, वाक्ये मात्र परकी! उदाहरणेही अशा गावांची, जी मी कधी पाहणार नाही.

आणि आपला जिल्हा काय अभ्यासाला अपुरा आहे? कोहळ्यांनी बांधलेले तलाव आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यानंतर त्यांचे झालेले हाल हे अर्थशास्त्र आहे. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक, ज्यात खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले, हे राज्यशास्त्र आहे. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेली गावे हे समाजशास्त्र आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आला. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा त्यावरील ग्रंथ १९७२ मध्ये निघाला, तोही इंग्रजीत!

कोणी म्हणेल, इंग्रजी शिका. जरूर शिकू. पण शेजारच्या गावचा इतिहास कळण्यासाठी ती अट कशाला?

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती आहे. प्रत्येक प्रकरणाला जिल्ह्यातले एक तरी उदाहरण जोडून द्यावे, आणि सोप्या मराठीत स्वतः लिहावे. मित्रांनो, आपणही मागे राहू नये. एकेकाने आपल्या गावचा तलाव, बाजार, निवडणूक, नाहीतर उठलेली वस्ती यांवर चार पाने लिहून ग्रंथालयात ठेवावीत. दहा वर्षांत एक कपाट भरेल. सुरुवात मी आमच्या बोडीपासून करतो आहे. आजोबा थकत चालले आहेत. त्यांना जे ठाऊक आहे, ते कोणत्याच गाईडमध्ये नाही.