हरलेल्याची दुसरी लढत

काही दिवसांपूर्वी आम्हांस माळव्यात जाणे झाले. धार जिल्ह्यातील पीथमपूर हे स्थान आपल्यापैकी पुष्कळांनी केवळ मोटारगाड्यांच्या संदर्भात ऐकले असेल. गेल्या चाळीस वर्षांत तेथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुण्याच्या फिरोदिया घराण्याने आपले कारखाने तेथे काढले आणि त्या निमित्ताने मराठी कामगारांची घरेही तेथे वसली. आम्ही ज्या घरी उतरलो ते कुटुंब मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. अहिल्याबाईंच्या नावाचा जिल्हा सोडून अहिल्याबाईंच्याच माळव्यात पोटासाठी यावे, हाही एक योगच म्हणावयाचा.

त्या घरी अकरा वर्षांची एक मुलगी आहे. दोन वर्षे ती संध्याकाळी कराटे शिकत होती. कारखान्याची पाळी आटोपून वडील तिला सायकलवर बसवून वर्गास नेत. आम्ही गेलो तेव्हा तिचा पट्टा मात्र दाराआडच्या खुंटीस टांगलेला दिसला, आणि त्यावर धूळ होती. चौकशी करता कळले ते असे. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी वडिलांनी कामाचा खाडा केला, आईने पहाटे उठून डबा केला, तिघे सकाळी आठास मैदानावर हजर झाली. मुलीचे नाव पुकारले गेले ते दुपारी तीननंतर. लढत एका मिनिटाच्या आत संपली. मुलगी हरली, पंचांना वाकून नमस्कार करून बाहेर आली, आणि परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून पट्टा खुंटीवर आहे.

वडिलांनी आम्हांस जो प्रश्न विचारला, त्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. ते म्हणाले, “तुम्ही लिहिणारी माणसे, जरा समजावून सांगा. जागतिक स्पर्धेत म्हणे आता एकदा हरले तरी माणूस बाहेर जात नाही. जगातल्या मोठ्यांना एकदा हरून चालते, आणि आमच्या पोरीला चालत नाही, हे कसे?”

प्रश्न साधा आहे, पण उत्तर तितके साधे नाही.

स्पर्धा घेण्याच्या मुख्य रीती दोन. एक बाद पद्धत, म्हणजे हरला तो गेला. दुसरी साखळी पद्धत, म्हणजे गटातील प्रत्येकाने प्रत्येकाशी लढावयाचे आणि मग कोण वर आला ते मोजावयाचे. कराटेच्या जागतिक स्पर्धा दीर्घकाळ बाद पद्धतीने होत आल्या. त्यांत हरलेल्यास एक फट ठेवलेली असे. ज्याने तुम्हांस हरविले तो जर पुढे जिंकत जिंकत अंतिम लढतीस पोहोचला, तर त्याच्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा बोलावीत. म्हणजे तुमचे नशीब तुमच्या हाती नाही, तुम्हांस पाडणाऱ्याच्या हाती! तो मध्येच हरला की तुमचीही गठडी वळली. सातासमुद्रांपलीकडून आलेला खेळाडू तीन मिनिटांची एक लढत खेळून घरी जावयाचा.

हे आता बदलले आहे. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात इजिप्तमधील कैरो येथे जी जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली, तीत प्रत्येक वजनगटात बत्तीसच खेळाडू घेतले गेले, आणि त्यांचे चार-चारांचे आठ गट करण्यात आले. गटातील प्रत्येकाने इतर तिघांशी लढावयाचे. प्रत्येकास तीन लढतींची शाश्वती. गटांतून जे वर आले ते पुढे बाद फेरीत गेले. पदकांच्या लढती अजूनही बाद पद्धतीनेच होतात, आणि ते योग्यच आहे. कोठेतरी शेवट हा व्हावयाचाच.

आता थोडा हिशेब. बत्तीस खेळाडूंची बाद स्पर्धा एकतीस लढतींत संपते, कारण प्रत्येक लढतीत एक जण बाहेर जातो आणि शेवटी एकच उरतो. चौघांच्या गटात मात्र सहा लढती होतात, आणि आठ गटांच्या मिळून अठ्ठेचाळीस. बाद फेरी त्यानंतर. हा वाढीव वेळ कोठून आणला? दार अरुंद करून. २०२३ मध्ये बुडापेस्ट येथे झालेल्या स्पर्धेत प्रत्येक देशास प्रत्येक गटात आपला एक खेळाडू धाडता येत असे. कैरोला जावयाचे तर आधी जागतिक क्रमवारीत वर असले पाहिजे, अथवा खंडाच्या स्पर्धेत किंवा पात्रतेच्या लढतींत जागा मिळविली पाहिजे. क्रमवारीत वर येण्यासाठी वर्षभर देशोदेशी हिंडून खेळावे लागते, आणि विमानाचे तिकीट गुण पाहून स्वस्त होत नाही. म्हणून आम्हांस वाटते की ही सुधारणा आत पोहोचलेल्यांना न्याय देणारी आहे, परंतु दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी उंबरठा तिने उंच केला आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीची स्तुती करताना दुसरी लपविणे बरे नव्हे.

येथे कोणी जुना मनुष्य म्हणेल की हे सारे नवे खूळ आहे. लढत म्हणजे लढत, हरला तो हरला. कराटेच्या आरंभी खरोखर तसेच मानीत. ही विद्या ओकिनावा बेटातून जपानच्या मुख्य भूमीवर नेण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या गिचिन फुनाकोशी यांना तर स्पर्धाच मान्य नव्हती. १९५७ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी जपान कराटे संघटनेने पहिली अखिल जपान स्पर्धा भरविली. १९७० मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा एक निर्णायक प्रहार झाला की लढत संपे. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपते, तशातलाच हा प्रकार. पुढे गुण आले. ठोशास एक, अंगावरील लाथेस दोन, मस्तकाच्या उंचीवरील लाथेस किंवा खाली पडलेल्यावर साधलेल्या प्रहारास तीन, अशी चढती भाजणी झाली. आठ गुणांची आघाडी मिळाली तर वेळ उरला असतानाही लढत थांबते. गुण समान झाले तर ज्याने पहिला निर्विवाद गुण मिळविला त्याच्या बाजूने निकाल जातो. एकट्याने करून दाखविण्याच्या काता प्रकारात २०१८ पर्यंत पंच लाल किंवा निळे निशाण वर करीत. २०१९ पासून सात पंच आकडे देऊ लागले, आणि त्यांतले सर्वांत वरचे दोन व सर्वांत खालचे दोन वगळून मधल्या तिघांचे धरू लागले. सांगावयाचे इतकेच की नियम हे पूर्वजांनी दगडावर कोरून ठेवलेले नव्हते. ते माणसांनी केले आणि माणसांनीच वेळोवेळी बदलले.

नियमांचा काच कसा असतो हे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये साऱ्या जगाने पाहिले. कराटेस ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्थान मिळाले ते तेथे, आणि त्यानंतर पॅरिसला ते राहिले नाही. २०२१ च्या ऑगस्टच्या सात तारखेस पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाची अंतिम लढत होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी हा इराणच्या सज्जाद गंजजादेहवर चार विरुद्ध एक असा पुढे होता. त्याची एक लाथ गंजजादेहच्या मानेजवळ अशी बसली की तो शुद्ध हरपून कोसळला, आणि त्यास स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. पाहणाऱ्यांस वाटले, लढत संपली, हमेदी जिंकला. पण कराटेत प्रहार आवरता आला पाहिजे असा नियम आहे. बेताबाहेर मारणारा अपात्र ठरतो. पंचांनी विचारविनिमय करून हमेदीस बाद केले, आणि जो बेशुद्ध पडला होता त्यास शुद्धीवर आल्यानंतर कळले की सुवर्णपदक आपले. हमेदी जिंकता तर सौदी अरेबियाचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण ठरते. त्यास रौप्य मिळाले. याविषयी तेव्हा पुष्कळ वाद झाला. आमचे मत विचाराल तर निकाल कठोर होता, पण खोटा नव्हता. नियम लढतीपूर्वी दोघांनाही ठाऊक होता. याच टोकियोच्या स्पर्धेत दहा-दहा खेळाडूंचे पाचा-पाचांचे दोन गट केले होते, हेही सांगून ठेवतो. कैरोच्या गटपद्धतीची पूर्वतयारी तेथेच दिसली होती.

पण गटात लढविण्याची आणि एका पराभवाने न हाकलण्याची कल्पना कुस्तीत फार जुनी आहे. आणि तिचा कडूगोड अनुभव आपल्याच मातीतल्या एका पुरुषाने घेतलेला आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीस जावयाचे तर पैसा नाही, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या वेळच्या ऑलिंपिक कुस्तीत दोषगुणांची रीत होती. प्रतिस्पर्ध्यास चीतपट केले तर दोष नाही; नुसत्या निर्णयावर जिंकले तरी एक दोष लागे, हरल्यास त्याहून अधिक. पाच दोष साचले की मल्ल बाहेर. अखेरीस जे तिघे उरत, ते आपसांत लढून पदकांचा क्रम ठरवीत. म्हणजे एका पराभवाने दार बंद होत नसे.

खाशाबांची जपानच्या शोहाची इशीईशी दीर्घ कुस्ती झाली. इशीई जिंकले, पुढे सुवर्णही त्यांनीच मिळविले. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढण्यास उभे करण्यात आले. त्यांच्या बाजूने ‘थांबा, नियम असा आहे’ असे म्हणावयास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला बैलगाड्यांची रांग लावून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली हे आपण सारे अभिमानाने सांगतो. त्या अर्ध्या तासाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आम्ही हे मुद्दाम सांगितले. गट पाडले, तीन लढती दिल्या, म्हणजे सारे साधले असे नाही. लढती वाढल्या की थकवा वाढतो, दुखापत वाढते, आणि दोन लढतींमधील विश्रांती कोणी सांभाळावयाची हा प्रश्न येतो. शिवाय गटात जो दोनदा हरला त्याची तिसरी लढत पुष्कळदा केवळ नावापुरती उरते, आणि अशा वेळी मन लावून न लढण्याचा मोह होतो. हे दोष आम्ही झाकत नाही.

तरीही पीथमपूरच्या त्या वडिलांचा प्रश्न उभाच राहतो. कैरोस गेलेला खेळाडू शेकडो लढती खेळून तेथे पोहोचलेला असतो. एक हरला तरी त्यास ठाऊक असते की आपण कोण आहोत. अकरा वर्षांच्या मुलीस ते ठाऊक नसते. तिची ती पहिलीच लढत, आणि तीच शेवटची ठरते. दुसऱ्या लढतीची गरज खरी कोणास अधिक, हे पाहिले तर सुधारणा वरून सुरू झाली आणि खाली पोहोचलीच नाही असे म्हणावे लागते.

आम्ही त्या मुलीच्या शिक्षकांना भेटलो. तरुण गृहस्थ, दिवसा कारखान्यात काम करतात, संध्याकाळी मुलांना शिकवितात. ते म्हणाले, “साहेब, मलाही पटते. पण गादी एक, पंच मोजके, मुले ढीगभर. गट कसे पाडायचे?”

मग आम्ही दोघांनी कागद घेतला. मुलीच्या वयोगटात त्या दिवशी सात जणी होत्या. बाद पद्धतीने सहा लढती झाल्या, आणि एकीस तर न लढताच पुढे चाल मिळाली. समजा चौघींचा एक गट आणि तिघींचा दुसरा केला. पहिल्यात सहा लढती, दुसऱ्यात तीन. मग प्रत्येक गटातील दोघी उपांत्य फेरीत. त्या दोन लढती आणि एक अंतिम. एकूण बारा. म्हणजे सहा लढती अधिक. लहान मुलींची लढत दीड मिनिटाची. नमस्कार, पट्टा बांधणे, पंचांचे बोलणे धरून चार मिनिटे. सहा चोक चोवीस. त्या एका वयोगटास अर्ध्या तासाहूनही कमी वेळ जास्त लागला असता. सगळ्या वयोगटांस हे जमणार नाही; मोठ्या मुलांच्या गटात चाळीस-चाळीस नावे असतात, तेथे बाद पद्धतीवाचून गत्यंतर नाही. पण लहानांपुरते तरी जमण्यासारखे आहे. शिक्षकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या बैठकीत मांडतो म्हणाले.

आम्ही निघालो तेव्हा मुलगी ओसरीवर बसून हे सारे ऐकत होती. तिने वडिलांना विचारले, “बाबा, तीन वेळा लढायचे म्हणजे त्या उंच मुलीशी पुन्हा पडणार का?”

वडील म्हणाले, “ती तुझ्या गटात आली तर एकदा पडेल. बाकी दोघी निराळ्या.”

ती काही वेळ गप्प होती. मग उठून आत गेली, आणि पट्टा झटकल्याचा आवाज आला.

आम्ही परत आल्यावर शिक्षकांचा निरोप आला. बैठक झाली. पंचांची एकच हरकत निघाली, की अशाने जेवणास उशीर होईल. त्यावर आयोजकांनी असे ठरविले आहे की लहान मुलामुलींच्या लढती दुपारी तीनऐवजी सकाळी प्रथम घ्याव्यात, आणि या वर्षी एका वयोगटापुरते गट पाडून पाहावे. वडिलांना त्या दिवसाची रजा मिळाली की नाही हे अद्याप कळावयाचे आहे.