नाटकाचा पेपर, नाटकाविना

मराठीच्या एम.ए.ला नाटक हा 'साहित्यप्रकार' असतो. त्याची व्याख्या असते, कथानक, व्यक्तिचित्रण, संघर्ष, संवाद अशी घटकांची ठरलेली उतरंड असते. नसतो तो प्रयोग. दोन वर्षांत एकही नाटक न पाहता नाटकाच्या पेपरात प्रथम श्रेणी मिळवणे सहज शक्य आहे, आणि यात फारसे कोणाला काही वावगे वाटत नाही. आम्हांला वाटते, म्हणून हे लिहिणे.

भरतमुनींचेच पाहा. 'नाट्यशास्त्रा'चा दुसरा अध्याय नाट्यगृह कसे बांधावे हे सांगतो. पुढे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य अभिनय आहे, हस्तमुद्रा आणि चाली आहेत, वाद्ये आहेत. आमच्या साहित्यशास्त्राच्या पेपराने त्यातून सहाव्या अध्यायातले रससूत्र तेवढे उचलले, लोल्लट ते अभिनवगुप्त अशी भाष्यकारांची रांग लावली आणि उरलेला ग्रंथ कपाटात ठेवून दिला. नटांच्या शास्त्रातून नटच वजा झाला!

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून मोजतो. त्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपली भाषणे बव्हंशी आयत्या वेळी करीत. म्हणजे ज्या परंपरेचा जन्मदिवस आपण अभिमानाने साजरा करतो, तिच्या पहिल्या नाटकाला आपली 'संवादलेखना'ची कसोटी लावताच येत नाही. ही अडचण नाटकाची नव्हे, कसोटीची आहे.

आणि हे केवळ इतिहासातले प्रकरण नाही. तळकोकणात आणि गोव्यात दशावतार आजही जत्रांतून रात्र रात्र रंगतो. त्याला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे ते ठरते, प्रवेशांचा क्रम आपसांत सांगितला जातो, आणि मग पेटी-पखवाजाच्या साथीने नट उभ्या उभ्या संवाद रचतात. रात्री राजपार्टी रंगवून सकाळी वर्गात बसणारा विद्यार्थी आमच्या व्यवसायात अनोळखी नाही. त्याला आपण विचारतो ते 'शोकात्मिकेची वैशिष्ट्ये'. त्याच्याजवळ जे ज्ञान आहे, त्यासाठी उत्तरपत्रिकेत रकाना नाही. हळूहळू तो स्वतःच समजू लागतो, की आपण करतो ते नाटक नव्हे, नाटक पुस्तकात असते. विद्यापीठाने त्याच्यावर केलेला हा अन्याय आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो.

छापील नाटकांचेही याहून बरे चाललेले नाही. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) अभ्यासक्रमांना नवखे नाही. त्यातली ब्राह्मणांची मानवी भिंत वाचताना झरकन ओलांडली जाते. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन यांनी रंगमंचावर तीच भिंत डोलती, गाती केली. भक्तीच्या तालावर काय झाकायचे आणि काय उघडे पाडायचे, हे ती भिंतच ठरवते. तेंडुलकरांच्या नाटकातील सत्तेचे स्वरूप ही भिंत न पाहता कसे सांगणार?

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला असा, की साहित्य विभागाने साहित्य शिकवावे, प्रयोगासाठी नाट्यशास्त्राचे विभाग आहेत. आहेत खरे. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतही स्वतंत्र विभाग आहेत. पण तेथे प्रवेश मिळतो मूठभरांना, आणि नाटकाचा पेपर गावोगावच्या महाविद्यालयांत लिहिला जातो. स्वरलिपी वाचून संगीताची पदवी देऊ केली, तर आपण हसू. येथे मात्र हसत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. नाट्यगृह कोठून आणावे? वस्तुतः तीच महाविद्यालये एकांकिका स्पर्धांत संघ उतरवतात आणि मिळालेला करंडक प्राचार्यांच्या दालनात मांडतात. करंडक चालतो, वेळापत्रकात तास चालत नाही! शिवाय नाटक दारातच आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर तिकिटे लावून रात्रभर चालतात, आणि देसाईगंज-वडसा हे त्या नाट्यमंडळांचे मोठे केंद्र आहे. तेथे जायला बसचे भाडे पुरते.

तिसरा आक्षेप मूल्यमापनाचा. विद्यार्थ्याने एक प्रयोग पाहावा आणि त्याची नोंद लिहावी. मंच कसा होता, प्रेक्षक कोठे बसले, कोणत्या वाक्याला हसले, नटाने संहिता कोठे सोडली आणि का, हे सारे त्यात यावे. मग तोंडी परीक्षेत त्याने त्याचे समर्थन करावे. हे उत्तर कोणत्याही गाईडमध्ये सापडणार नाही. विरोधाचे खरे कारण कदाचित हेच असावे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नाटकाच्या प्रत्येक पेपरात प्रयोगनोंदीला लेखी उत्तराइतके गुण असावेत. संहिता नसलेला निदान एक नाट्यप्रकार अभ्यासक्रमात असावा. आणि तो त्या कलावंतांनी शिकवावा, शाल-श्रीफळावर बोळवण न करता, रीतसर मानधन देऊन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद केली. तीत औपचारिक पदवीची सक्ती नाही, दीर्घ अनुभवाला मान आहे. उद्योगजगतातील अधिकारी या वाटेने वर्गात येऊ शकतो, तर आयुष्यभर संकासुर रंगवणाऱ्या दशावताऱ्याला कोणी अडवले आहे? अभ्यास मंडळांवर बसलेल्या आमच्या सहव्यवसायींनी याचे उत्तर द्यावे, आणि ते पुढच्या अभ्यासक्रमात छापून द्यावे.