मालक नको, मग राखणदारही नको?

दौंड जंक्शनवर ज्यांनी कधी रात्र काढली आहे, त्यांना एक दृश्य चांगले परिचयाचे आहे. पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी तेथे थांबायची, तिचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडले जायचे आणि मगच ती पुढे सरकायची. अलीकडे दौंडला वळसा घालणारा जोडमार्ग झाला व अनेक गाड्यांचा हा खोळंबा टळला.

इंटरनेटच्या मुळाशीही असाच एक विचार होता. १९६४ साली पॉल बॅरन या अमेरिकी अभियंत्याने, एखादे ठाणे निकामी झाले तरी संदेश दुसऱ्या वाटेने पोहोचावा, अशा जाळ्याची मांडणी केली. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ या युरोपीय संशोधनसंस्थेने टिम बर्नर्स-ली यांनी घडविलेले ‘वर्ल्ड वाइड वेब’ मोबदला न मागता सर्वांना खुले केले.

त्या वारशाचे आम्ही काय केले? शिरूरच्या बाजारातील कांद्याचा भाव, शाळेची सूचना, धर्मग्रामातील मयताची वार्ता, सारे एकाच कंपनीच्या दारातून जाऊ लागले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास ते दार बंद पडले. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास एकदमच मुके झाले. अनेक वाटांचे जाळे आम्ही आपल्याच हातांनी पुन्हा एका जंक्शनला आणून बांधले होते.

म्हणूनच ‘विकेंद्रित इंटरनेट’चा पुकारा आम्हांला मोलाचा वाटतो. गावोगावच्या संस्थांनी आपापले सर्व्हर चालवावेत आणि त्यांनी परस्परांशी संवाद साधावा, ही कल्पना काही आकाशातली नव्हे. ई-मेल आजही असाच चालतो. २०१६ साली सुरू झालेले ‘मस्टोडॉन’ याच तत्त्वावर उभे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटरवर रुष्ट झालेले अनेक भारतीय तिकडे वळले. तो ओघ मात्र टिकला नाही. सोयरेधायरे जुन्या वाड्यातच राहिले, तर नव्या घरात एकट्याने किती दिवस काढायचे?

आमचा खरा वाद आहे तो, ‘मधला माणूस गेला की फसवणूकही गेली’ असे सांगणाऱ्यांशी. बिटकॉइनच्या नावाने हीच द्वाही फिरली. ‘गेनबिटकॉइन’ योजनेने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखविले आणि २०१८ साली पुणे पोलिसांना तिच्या सूत्रधारास अटक करावी लागली. नाणे कुणा एकाचे नव्हते, पण लोकांचा पैसा ज्यांच्या हाती गेला ती माणसेच होती.

शिरूर-दौंडच्या आम्हा लोकांना हा धडा नवा वाटू नये. सहकार म्हणजे विकेंद्रित मालकीच नव्हे काय? तरीही पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना बंद पडून पुढे भाडेपट्ट्याने खासगी समूहाकडे गेला आणि न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याचे गाळपही थांबले. कागदावर हजारो सभासद मालक होते. पण वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद वाचणारे आणि प्रश्न विचारणारे किती होते? ज्यांनी राखण करायची तेच घरी बसले, तर नुसत्या मालकीने काय साधणार?

याच शिरूर तालुक्यात आशेची जागाही आहे. पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेली मुले तेथे हाताने काम करीत तंत्र शिकली, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. यंत्र उघडून पाहणारी, बिघडले तर दुरुस्त करणारी माणसे गावातच हवीत, हा त्या कामाचा अर्थ आहे. अशा माणसांवाचून विकेंद्रीकरण हा पोकळ शब्द आहे.

तेव्हा नव्या जाळ्याचे गोडवे गाणाऱ्यांना आम्ही तीनच प्रश्न विचारू. किल्ली कुणाकडे? हिशेब कुणाकडे? आणि बिघडले तर आम्ही कुणाचे दार ठोठवायचे? उत्तर मिळेपर्यंत आपल्या संस्थांनी निदान एवढे तरी करावे. आपले पत्ते, छायाचित्रे आणि नोंदी यांची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, आणि ती सांभाळण्याचे काम दोन तरुणांना शिकवावे. याला पैसा फार लागत नाही, लक्ष मात्र लागते. आणि तेवढेही द्यायची आमची तयारी नसेल, तर दूरदेशीच्या कंपन्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला कसा पोहोचतो?